सरांचा कुत्रा आणि सर्वांत लवकरची वाट

मुलांनो, नकाशा उघडा आणि अमेरिकेच्या वरच्या अंगाला बघा. पाच मोठाली तळी दिसतील. त्यांतली चार अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत वाटली गेली आहेत. एकटं मिशिगन तेवढं सगळंच्या सगळं अमेरिकेत आहे. तळं म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचा रंकाळा येईल, कुणाच्या ठाण्याची तलावपाळी. मिशिगनचं क्षेत्रफळ मात्र सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडंच कमी. काठावर उभं राहिलं तर पैलतीर दिसत नाही. वाळूची पुळण आहे, लाटा येतात, वारा सुटतो. फक्त पाणी तेवढं गोडं.

या तळ्याच्या पूर्व काठाला हॉलंड नावाचं गाव आहे. १८४७ साली नेदरलँड्समधून समुद्र ओलांडून आलेल्या मंडळींनी ते वसवलं, म्हणून नाव हॉलंड. गाव वसून वीस वर्षं व्हायच्या आतच, १८६६ साली, तिथे रीतसर कॉलेज उभं राहिलं. त्याचं नाव होप कॉलेज. आपल्या गोष्टीतले सर, टिमोथी पेनिंग्ज, या कॉलेजात गणित शिकवायचे.

आता हे कॉलेज कोणत्या जातीचं आहे ते आधी समजून घ्या, कारण त्याशिवाय गोष्टीतली खरी गंमत हाती लागायची नाही. अमेरिकेत अशी छोटी कॉलेजं पुष्कळ आहेत. त्यांना लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात.

"म्हणजे तिथे सायन्सवाले नसतात का आजोबा?"

असतात रे, चांगले भरपूर असतात. जुन्या युरोपात शिकलेल्या माणसाला सात विद्या यायला हव्यात असं मानत: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. सातांतल्या दोन उघडच गणिताच्या. त्या काळी संगीत आणि खगोलही गणिताच्याच अंगाने शिकवत, म्हणजे निम्म्याहून जास्त शिक्षण गणिताचंच झालं. त्या परंपरेतून ही कॉलेजं आली. आपल्याकडे दहावी झाली की मुलांच्या वाटा फुटतात, आणि एकदा कॉमर्सला गेलेला मुलगा पुन्हा कधी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडत नाही. तिथे तसं नाही. इतिहास घेतलेली मुलगी थोडं विज्ञान, थोडं गणित शिकते आणि भौतिकशास्त्राचा मुलगा साहित्याच्या वर्गात बसतो. वर्ग लहान, शिक्षक मुलांना नावानिशी ओळखणारे. मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाला आधी विचारतात, तुमचं संशोधन काय? छोट्या कॉलेजात आधी विचारतात, तुम्ही शिकवता कसं?

अशा वर्गात गणिताच्या शिक्षकापुढे कोण बसलेलं असतं? एखादा उद्याचा गणितज्ञ असेलही. पण शेजारीच एखादी मुलगी असते जिला चित्रकार व्हायचंय आणि गणिताच्या नुसत्या नावाने जिच्या पोटात गोळा येतो. तिला नुसती सूत्रं देऊन भागत नाही. हे गणित जगात कुठे आहे ते तिला दाखवावं लागतं. माझ्या मते शिक्षकाची खरी कसोटी हुशार मुलासमोर लागत नाही, ती या मुलीसमोर लागते. आणि म्हणूनच अशा शिक्षकाचे डोळे वर्ग सुटल्यावरही मिटत नाहीत. रस्त्यावर, बागेत, स्वयंपाकघरात तो सारखा शोधत असतो की उद्याच्या तासाला काय नेता येईल.

पेनिंग्ज सरांना ते तळ्याच्या काठावर सापडलं.

सरांकडे एक कुत्रा होता. नाव एल्व्हिस, जात वेल्श कॉर्गी. कॉर्गी तुम्ही चित्रात पाहिला असेल: मोठे उभे कान, लांब अंग आणि अगदी आखूड पाय. वेल्समध्ये गुरं हाकायला हे कुत्रे पाळत. गाईच्या खुराशी जाऊन तिला चावा घ्यायचा आणि तिने लाथ झाडली की खालच्या खाली सटकायचं, त्यासाठी आखूड पाय बरे पडतात. पोहायला मात्र ते पाय काही फार सोयीचे नाहीत. तरी एल्व्हिसला पाण्यात टाकलेला चेंडू आणून देण्याचं भारी वेड. सर काठावर उभे राहून टेनिसचा चेंडू पाण्यात फेकायचे, पण समोर सरळ नाही, जरा तिरका. एल्व्हिस सुटायचा.

आता नीट लक्ष द्या. सर पाण्याच्या अगदी कडेला उभे आहेत. चेंडू पडला आहे उजवीकडे, तिरका, पाण्यात आत. एल्व्हिसपुढे वाटा किती? एक, जागेवरूनच पाण्यात उडी घ्यायची आणि सरळ रेषेत पोहत जायचं. अंतर सगळ्यांत कमी, पण सगळं पोहूनच कापायचं. दुसरी, काठाकाठाने धावत चेंडूच्या बरोब्बर समोर जायचं आणि तिथून काटकोनात पाण्यात शिरायचं. पोहणं सगळ्यांत कमी, पण एकूण वाट लांब. एल्व्हिस यांतलं काहीच करायचा नाही. तो काठाने धावत जायचा, चेंडूच्या समोर पोहोचायच्या जरा आधी वळायचा आणि तिरका पाण्यात शिरायचा.

सर हे बघतच राहिले. कारण हे चित्र त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं होतं! कॅल्क्युलसच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे उदाहरण असतं. तुमच्यासाठी सांगायचं तर असं: तुम्हाला एसटी गाठायची आहे. थांबा आहे नांगरलेल्या शेताच्या पलीकडे. डांबरी रस्त्यावर पाय झपाझप उचलतात, ढेकळांतून जाताना वेग निम्म्यावर येतो. मग रस्ता कुठे सोडायचा आणि शेतात कुठे शिरायचं? फार आधी सोडला तर ढेकळं जास्त तुडवावी लागतात, फार उशिरा सोडला तर वळसा पडतो. मधे कुठेतरी एक नेमकी जागा असते जिथून गेलं की वेळ सगळ्यांत कमी लागतो. ती जागा शोधायला अकरावी-बारावीत विकलज काढायला शिकवतात. विद्यार्थी पानभर गणित करतात, वर्गमुळांत अडखळतात, आणि इथे हा आखूड पायांचा कुत्रा पापणी लवायच्या आत वळतोय.

"मग त्याची जागा बरोबर होती का?"

शाबास! हाच प्रश्न सरांनीही स्वतःला विचारला. गंमत दिसली की माणसं हसतात आणि घरी जातात. सर घरी गेले आणि मोजपट्टी घेऊन आले.

वारा पडलेला, लाटा बारीक असा एक दिवस त्यांनी धरला. बरोबर लांब टेप, एक स्क्रू ड्रायव्हर, चेंडू आणि एल्व्हिस. आधी त्याचा वेग काढला. वाळूवर २० मीटर धावायला किती वेळ, पाण्यात १० मीटर पोहायला किती वेळ, असं पुन्हा पुन्हा मोजलं. धावण्याचा वेग आला सेकंदाला ६.४ मीटर आणि पोहण्याचा ०.९१ मीटर. पोहण्यापेक्षा धावणं सातपट वेगाचं.

मग खरी कसरत. सर चेंडू फेकायचे, एल्व्हिस सुटायचा आणि सर त्याच्या मागे धावायचे. तो जिथे पाण्यात शिरला नेमक्या त्या जागी ते वाळूत स्क्रू ड्रायव्हर खुपसायचे, टेपचं टोक पकडायचे आणि एल्व्हिसने चेंडू तोंडात धरून परत फिरायच्या आत चेंडूपर्यंत पाण्यात पोहोचायची घाई करायचे. असं तासन् तास चाललं. कुत्रा दमला नाही. खेळ होता ना तो त्याचा! संध्याकाळपर्यंत ३५ नोंदी जमल्या. एखाद्‌दुसऱ्या वेळी एल्व्हिस इतका उतावीळ झाला की त्याने जागेवरूनच उडी मारली. त्या वेळा सरांनी हिशेबात धरल्या नाहीत, पण त्या सोडल्या हे आपल्या लेखात सांगून टाकलं. प्रयोगवहीत असा प्रामाणिकपणा हवा. काय गाळलं हेही लिहायचं.

आता गणित काय सांगतं ते पाहू. कागद-पेन्सिल घ्या. धावण्याच्या वेगाला पोहण्याच्या वेगाने भागा: ७.०३. त्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि वर्गमूळ काढा: साधारण ६.९६. चेंडू काठापासून जितका आत असेल त्या अंतराला या संख्येने भागा. जे येईल तितक्या अंतरावर, म्हणजे चेंडूच्या समोरची जागा तितकी बाकी असताना, पाण्यात शिरायचं. चेंडू १० मीटर आत असेल तर १.४४ मीटर आधी. २० मीटर आत असेल तर २.८७ मीटर आधी. आणि एक नवल बघा, कुत्रा मुळात किती लांबून निघाला याचा या उत्तराशी काहीच संबंध नाही. १५ मीटर लांबून निघो की ५० मीटर, शिरायची जागा तीच.

सरांनी ३५ ठिपके आलेखावर मांडले आणि गणिताची रेषा त्यांच्यातून ओढली. ठिपके रेषेला बिलगून होते.

तुमच्यातला मोठा म्हणेल, थोडं इकडेतिकडे झालं असतं तर काय एवढं बिघडलं असतं? तेही करून बघू. समजा चेंडू १० मीटर आत आणि १५ मीटर उजवीकडे आहे. जागेवरूनच पोहत निघाला तर एल्व्हिसला लागतील १९.८ सेकंद. पार समोर जाऊन काटकोनात शिरला तर १३.३३. गणिताने सांगितलेल्या जागी शिरला तर १३.२२. म्हणजे काटकोनी वाटेपेक्षा वाचला किती? सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक म्हणजे, अशा प्रश्नांत सर्वोत्तम जागेच्या आसपास चूक झाली तरी ती फार महाग पडत नाही. वेळेच्या आलेखाचा तळ सपाट असतो आणि सपाट तळावर पाऊलभर सरकलं तरी उंची तेवढीच राहते. कॅल्क्युलसचं मर्म हेच आहे: जिथे उतार शून्य, तिथे सर्वांत कमी. दुसरा अर्थ मला जास्त भावतो. इतका बारीक फरक असूनही एल्व्हिस त्या जागेच्या जवळपासच वळत राहिला. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी कुणी त्याला शाबासकी देणार नव्हतं.

सरांनी हे सगळं लिहून काढलं. कुत्र्यांना कॅल्क्युलस येतं का, असं लेखाचं नाव, आणि तो २००३ च्या मे महिन्यात 'कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल'मध्ये छापून आला. हे नियतकालिक मुख्यतः कॉलेजात गणित शिकवणाऱ्यांसाठी निघतं. बघता बघता वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, जगभर एल्व्हिसचं नाव झालं. सर त्याला घेऊन शाळा-कॉलेजांतून व्याख्यानं द्यायला जाऊ लागले. ज्या मुलांनी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहिलं असतं ती एल्व्हिसला बघायला पुढच्या बाकावर येऊन बसत. होप कॉलेजने एल्व्हिसला मानद पदवीसुद्धा दिली. तुम्ही हसताय, पण मला ती पदवी रास्त वाटते. एका कुत्र्याने जितक्या मुलांना किमान वेळेचं गणित समजावलं तितक्यांना समजावणं कुठल्याही पुस्तकाला सोपं नव्हतं.

"पण आजोबा, त्याला खरंच गणित येत होतं का?"

सरांनीच लिहून ठेवलंय की नाही, एल्व्हिसला कॅल्क्युलस येत नव्हतं. मग त्याला कळत कसं होतं? हा प्रश्न आजचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो कुत्र्याबद्दल नाही, उजेडाबद्दल विचारला गेला होता.

फ्रान्समध्ये तुलूझ शहरात पिएर द फर्मा नावाचे एक गृहस्थ होते. पेशाने कायद्याचे माणूस, गणित हा त्यांचा फावल्या वेळचा ध्यास. तुम्ही पाण्यात काठी बुडवलीत तर ती मोडल्यासारखी दिसते ना? वाटीच्या तळाशी रुपया ठेवा, तो कडेआड जाईल इतके मागे सरका आणि कुणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगा. रुपया वर आल्यासारखा दिसू लागतो. हवेतून पाण्यात, पाण्यातून हवेत जाताना उजेडाची वाट वाकते. किती वाकते याचा नियम तोवर माहीत झाला होता. पण का वाकते? फर्मा यांनी १६६२ साली सांगितलं की उजेड एका जागेहून दुसऱ्या जागी जायला अशी वाट धरतो की वेळ कमीत कमी लागावा. हवेत उजेडाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख. म्हणून तो हवेतली वाट थोडी वाढवतो आणि पाण्यातली कमी करतो. एल्व्हिस वाळूवरची वाट वाढवायचा आणि पाण्यातली कमी करायचा. गणित तेच, समीकरणंही तीच.

फर्मा यांच्यावर टीका झाली, आणि टीका बिनतोड होती. देकार्त या थोर तत्त्वज्ञांचे एक अनुयायी, क्लॉद क्लेर्सेलिए, यांनी उलट विचारलं की निसर्गाला आधी कळतं कसं? किरण निघाला तेव्हा त्याला ठाऊक असतं का की आपल्याला कुठे पोहोचायचंय? सगळ्या वाटांचे वेळ मोजून मग तो निघतो का? निसर्ग काही पुढचा विचार करून वागत नाही.

उत्तर पुढे मिळालं ते एका डच माणसाकडून. हॉलंड गाव वसवणाऱ्यांचे पूर्वज ज्या मुलखातले, तिथलेच हे क्रिस्तियान हॉयगेन्स. १६९० साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात उजेड म्हणजे लाट आहे असं मानून सगळं उलगडलं होतं. लाटेची रांग तिरकी येते, तिची एक बाजू आधी पाण्यात शिरते आणि मंदावते, दुसरी अजून हवेत वेगाने पुढे येत असते. झालं, रांग वळली! कुठल्याही बिंदूला शेवट माहीत असावा लागत नाही. प्रत्येक जागी, प्रत्येक क्षणी एक छोटा नियम पाळला जातो, आणि त्या सगळ्या छोट्या पाळण्यांची बेरीज होऊन सर्वांत लवकरची वाट आपोआप तयार होते. मुलांनो, निसर्गातली जी दोन-तीन मोठी नवलं मला आयुष्यात कळली, त्यांतलं हे एक.

मग कुत्र्याचंही असंच असेल का? फ्रान्समधल्या बुर्गोन्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पिएर पेरुशे आणि त्यांचे सहकारी होर्हे गायेगो यांना हाच संशय आला. पेरुशे म्हणजे शिकणं म्हणजे काय याचा अभ्यास करणारा माणूस. त्यांच्यासमोर साल्सा नावाची लॅब्राडोर कुत्री होती. २००६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी लिहिलं की कुत्र्याला सगळी वाट आधी ठरवण्याची गरजच नाही. त्याने दर क्षणी एवढंच बघावं: धावत राहिलो तर चेंडू किती वेगाने जवळ येतोय, आणि आत्ता पोहायला लागलो तर किती वेगाने येईल?

मघाचाच चेंडू घ्या, १० मीटर आत, १५ मीटर उजवीकडे. एल्व्हिस सुटला तेव्हा धावण्यातून चेंडू सेकंदाला ५.३ मीटरने जवळ येतोय. पोहण्याने आला असता ०.९१ ने. अर्थात धावत राहायचं. समोरची जागा ५ मीटरवर आली तेव्हा जवळ येण्याचा वेग २.९ वर उतरलाय, कारण चेंडू आता पुढे कमी आणि बाजूला जास्त आहे. ३ मीटर बाकी असताना १.८. असं उतरत उतरत १.४४ मीटर बाकी राहतात तेव्हा तो वेग होतो ०.९१. धावणं आणि पोहणं सारखं झालं. मार उडी! बघा, तीच जागा आली, वर्गमूळ न काढता, विकलज न काढता. गणिताने सिद्ध करता येतं की ती नेहमी तीच येणार. हा नियम पाळायला डोळे लागतात, अंगातल्या वेगाची जाण लागते. अक्षरओळख लागत नाही.

मुंग्यांकडे तर एवढेही डोळे नाहीत. २०१३ साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग इथल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. लिटल फायर अँट नावाच्या अगदी बारक्या मुंग्यांपुढे त्यांनी दोन वेगवेगळे पृष्ठभाग एकमेकांना लावून ठेवले. कधी काच आणि फेल्टचं जाड कापड, कधी गुळगुळीत फेल्ट आणि खरखरीत फेल्ट. मुंग्यांना खरखरीत कापडावर चालायला वेळ लागतो. एका बाजूला वारूळ, दुसऱ्या बाजूला खाणं. रांग लागली, आणि जिथे पृष्ठभाग बदलत होता त्या सीमेवर रांग वाकली, पाण्यात शिरणाऱ्या किरणासारखी. एकाही मुंगीला पूर्ण वाट दिसत नव्हती. मुंगी चालताना वासाचा माग सोडते. ज्या वाटेने फेऱ्या लवकर होतात तिच्यावर वास पुन्हा पुन्हा पडून दाट होतो, लांबच्या वाटेवरचा विरून जातो. पुढची मुंगी दाट वासामागे जाते. आणि सगळ्या मिळून फर्मा यांचं गणित सोडवतात.

"म्हणजे एल्व्हिस मुंगीसारखाच? विचार न करता?"

इथेच गोष्टीला एक वळण आहे. पेनिंग्ज सरांनी पेरुशे यांचं म्हणणं वाचलं आणि हो म्हणून सोडून दिलं नाही. व्हर्जिनियातल्या रोअनोक कॉलेजात, तेही असंच छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज, रोलंड मिंटन नावाचे प्राध्यापक होते. कॅल्क्युलसची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. दोघांनी मिळून एल्व्हिसला नवा पेपर घातला. या वेळी कुत्राही पाण्यात आणि चेंडूही पाण्यात, दोघं काठापासून सारख्याच अंतरावर. चेंडू जवळ असेल तर सरळ पोहत जाणं बरं. पण खूप लांब असेल तर? तर आधी काठाकडे पोहावं, वाळूवरून सुसाट धावावं आणि पुन्हा पाण्यात शिरावं, यात वेळ वाचतो. एल्व्हिसच्या त्या आधीच्या वेगांवरून मी हिशेब केला: दोघं काठापासून ४ मीटर आत असतील तर साधारण ९.२ मीटरपर्यंत सरळ पोहणं फायद्याचं, त्यापुढे वळसा फायद्याचा.

आता पेरुशे यांचा नियम इथे लावून बघा. काठाकडे निघाला की पहिल्या क्षणी चेंडू जवळ येण्याचा वेग कमीच होतो. दर क्षणी फक्त जवळ येण्याचा वेग बघणारा कुत्रा काठाकडे कधी वळणारच नाही, चेंडू कितीही लांब असो. एल्व्हिसने काय केलं? चेंडू जवळ टाकला तेव्हा तो सरळ पोहत गेला. लांब टाकला तेव्हा तो काठाकडे वळला, धावला आणि परत पाण्यात शिरला. २००७ साली दोघा प्राध्यापकांनी हे छापलं.

म्हणजे निदान या पेपरात तरी एल्व्हिसला पुढचं काहीतरी दिसत होतं. आत्ता थोडं मागे पडलो तरी पुढे भरून निघेल, असं काहीतरी. किरणाला ते लागत नाही, मुंगीला लागत नाही. कुत्र्याच्या मेंदूत हे कसं घडतं यावर अजून पुष्कळ काम व्हायचं आहे, आणि ते तुमच्यापैकी कुणी केलं तर मला फार आनंद होईल.

तुमच्यातल्या धाकटीने मघाशी विचारलं की सर मग मोठे शास्त्रज्ञ झाले का. अगं, त्यांच्या शोधाने कुठलं यंत्र निघालं नाही. पण विचार कर. मोजायला लागलं काय, एक टेप आणि एक स्क्रू ड्रायव्हर. उत्तर काढायला लागलं बारावीचं गणित. आणि त्यातून प्रश्न निघाले ते थेट फर्मा आणि हॉयगेन्स यांच्यापर्यंत गेले, फ्रान्समधल्या मानसशास्त्रज्ञांपर्यंत गेले. आधी कुणा गणिताच्या शिक्षकाने आपल्या कुत्र्याला असं पळताना पाहिलं नसेल असं नाही. या सरांनी पाहिलं कारण रोज ते चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलीसाठी, इतिहासाच्या मुलासाठी उदाहरण शोधत होते. शिकवणं आणि शोधणं ही दोन कामं वेगळी आहेत असं मानणाऱ्या मोठ्या विद्यापीठांनी या छोट्या कॉलेजाकडे जरा आदराने बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांतही हे होऊ शकतं. त्याला प्रयोगशाळेचं अनुदान लागत नाही.

तर आता तुमचं काम. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाल तेव्हा घरातल्या कुणा मोठ्याला घेऊन संथ पाण्याच्या काठावर जा, लाटा असतील त्या दिवशी नको. टेप घ्या, घड्याळ घ्या, वाळूत खुपसायला काठी घ्या. कुत्रा पाण्यात हौसेने जाणारा हवा. त्याला ढकलू नका, दमला की थांबा. आधी त्याचे दोन वेग काढा, मग चेंडू फेका आणि नोंदी करा. कुत्रा नसेल तर मुंग्यांच्या रांगेत तिरकी सँडपेपरची पट्टी ठेवा, पलीकडे साखर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रांग कुठे वाकली ते कोनमापकाने मोजा. ठिपके रेषेवर आले नाहीत तरी जसे आले तसेच लिहा. आणि ती वही तुमच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना नेऊन दाखवा.